चांगूची गाजलेली साक्ष

चांगू उतेकर साक्ष द्यायला उभा राहिला की रविवारच्या सभेत हातातले मोबाइल आपोआप खाली जायचे. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. तसली त्याने एकदा ऐकली होती, तीही स्वतःच्या विरुद्ध. ही प्रार्थनासभेतली साक्ष. माणसाने उभं राहायचं, आपण आधी कोण होतो आणि देवाने आपलं काय केलं ते चारचौघांत सांगायचं. बाकीचे ती शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी म्हणून टाकत आणि घाम पुसत खाली बसत. चांगू एकट्याने कधी सांगायचाच नाही. तो सगळ्यांना बरोबर घेऊन यायचा.

आधी यायचे हवालदार. पोट पुढे, आवाज नाकातून: "नाव बोल. चांगू? हे नाव हाय का चेष्टा? डिकीतून डबे चोरतो नि नाव चांगू!" मग यायचे वकीलसाहेब, ज्यांना अशिलाचं नाव शेवटपर्यंत पाठ झालं नाही: "साहेब, माझा अशील, म्हणजे हा... हा जो कोणी इथे उभा आहे तो..." सभा पोट धरून हसायची. पुढच्या रांगेतले शरद ब्रदर हसता हसता डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "हालेलुया! देवाने काय गळा दिलाय, बरोबर का नाही?"

चांगू उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. बाप मुंबईला हॉटेलात, दिसला तर शिमग्याला नाहीतर गणपतीला. आई तुळसा वाडीतच. थोडी नाचणी आणि दुधाची म्हैस. पोरगा बारावीला आपटला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराकडे लागला. काम असेल तेव्हा आत, नसेल तेव्हा गेटाबाहेर. गेटाबाहेर शिफ्टवाल्यांच्या गाड्या रांगेने उभ्या. डिकीचं कुलूप हे चांगूच्या मते कुलूपच नव्हतं, ती नुसती विनंती होती. आधी जेवणाचे डबे गेले, मग रेनकोट, मग मोबाइल, आणि शेवटी एका ऑपरेटरने लेकीच्या लग्नासाठी सोनाराकडून आणलेल्या पाटल्या. पाटल्या पचल्या नाहीत.

जेलात शरद ब्रदर यायचे. खांद्याला गिटार, हातात केळ्यांची पिशवी. ते पूर्वी केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय देवाशी बोलतानाही सुटली नव्हती. "बाळांनो! बाहेर पडल्यावर घरी कोणी उभं केलं नाही, तर माझ्याकडे यायचं! बरोबर का नाही?" बाकीचे केळी खायचे. चांगूने पत्ता पाठ केला.

आणि तो पत्ता कामी आला. सुटल्यावर तो वाडीत गेला, तर तुळसाने दार उघडलंच नाही. आतूनच बोलली, "हितं चांगू नावाचं कोन ऱ्हात नाय. पुढल्या घरी इचारा." पुढच्या घरी विचारायचं काय? तो त्याच पायवाटेने उतरला आणि महाडला शरद ब्रदरांच्या दारात उभा राहिला.

वसाहतीच्या रस्त्याला त्यांचं कौलारू घर, पुढे पत्र्याची शेड, शेडवर पाटी: 'परतीचं घर'. शेडमध्ये दुचाकी धुण्याचं वॉशिंग सेंटर. कंपन्यांची पांढरी भुकटी गाड्यांवर बसते, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही. जेलातून आलेली किंवा जेलाच्या वाटेवर असलेली पोरं तिथे राहायची, गाड्या धुवायची, ब्रदरांची बायको अंबिकाताई वाढेल ते जेवायची. प्रार्थनेला बसायची सक्ती नव्हती. "दार उघडं आहे, ओढून आत घेणार नाही," ब्रदर म्हणायचे, आणि तेवढं ते पाळायचे. चांगू बसायचा, कारण गाणी बरी होती आणि नंतर चहा असायचा.

मग ती दुपार आली. साक्षीतला खरा भाग तोच. इथे चांगू आवाज खाली आणायचा आणि सभाही त्याच्याबरोबर खाली यायची.

एक मॅडम पांढरी स्कूटी टाकून गेल्या. चष्मा, कडक इस्त्रीची साडी. "चवदार तळ्यापाशी काम आहे, तासाभरात येते, तोवर होईल ना रे?" पुण्याच्या बाईसारखं स्वच्छ बोलणं. चांगूने फोम मारला, पाणी मारलं, सीट उचलली. आत सोनाराचा गुलाबी कागद, कागदात चेन.

"माझ्या हाताला डिकीतलं सोनं आधी कळतं," तो सांगायचा, "डोळ्याला मागून. हात बोलला, घे. शिफ्टची बस निघून गेलेली. रस्त्यावर कुत्रं नाय. ब्रदर आत झोपलेले. कोन बघत नव्हतं. कोनच बघत नव्हतं! आनि माझे पाय निघाले ना, ते स्टँडकडे नाय निघाले."

"आमेन!" शरद ब्रदर ओरडायचे. सगळ्यांत मोठ्याने.

पायात गमबूट, अंगाला फोम, मुठीत चेन, असा तो बाजारातून पळत तळ्यापर्यंत गेला. लोकांना वाटलं, चोर. त्यालाही सवयीने तसंच वाटलं. मॅडम कट्ट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी मूठ उघडलेली पाहिली, आणि इथे चांगू इरावती मॅडम व्हायचा: आधी आत ओढलेला श्वास, मग छातीवर हात, "अगं बाई! माझ्या आईची चेन!" मग चष्मा काढून पदराने पुसणं, आणि मग कुठे रडू. बायका हसत हसत रडायच्या. रोहा, पेण, पनवेल, जिथे जिथे ब्रदरांचा टेम्पो गेला, तिथे हे रडू गाजलं.

त्या रडण्याने चांगूचं घर उघडलं. मॅडम शाळेत शिकवायच्या; दुसऱ्याच रविवारी त्या स्वतः त्याच्याबरोबर वाडीत चढल्या, चपला हातात घेऊन, घामाने डबडबून. तुळसाच्या अंगणात उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "आई, तुमचा मुलगा प्रामाणिक आहे. मी स्वतः पाहिलंय." तुळसाने दार किलकिलं करून चांगूला पाण्याला पिटाळलं. तो परतला तेव्हा दार उघडं होतं आणि मॅडमना घोंगडी टाकलेली. दिवाळीला मॅडमनी चांगूला भाऊबीजेला बोलावून ओवाळलं. सख्खी बहीण नसलेल्या पोराने ताटात काय घालायचं हे अंबिकाताईला विचारून घेतलं होतं.

चांगूच्या नावावर जमीन नव्हती, गाडी नव्हती. त्याच्या मालकीची एवढीच एक गोष्ट होती: ती दुपार. रात्री जुनी सवय हातात वळवळली की तो तीच बाहेर काढून बघायचा. कोणी बघत नसताना मी दिलं. म्हणजे मी तसा आहे.

तर असा तो दोन वर्षांत शेडचा कारभारी झाला, आणि साहिल आला.

साहिल पोलादपूरचा, पण मुंबईत मोबाइल हिसकावताना धरला गेलेला, आणि बोलण्यात मुंबई अजून सुटलेली नव्हती. "मतलब भाई, इधर खाली गाडीच धुवायची का? मतलब प्रेयर वगैरा ऑप्शनल ना?" चांगूने पहिल्याच दिवशी त्याची नक्कल केली आणि साहिल खूश झाला. "क्या बात! मतलब मी असा बोलतो?"

शुक्रवारी शरद ब्रदरांनी चांगूला आतल्या खोलीत बोलावलं. अंबिकाताई मेथी निवडत होती. ब्रदरांनी दार लोटलं आणि आवाज बारीक करायचा प्रयत्न केला, जो त्यांना जमत नसे.

"चांगू, तू आता इथला राहणारा नाहीस, तू सेवक. आमच्यातला. बरोबर का नाही?"

"हो, ब्रदर."

"मग हे तुझ्या हातून झालं पाहिजे." त्यांनी शर्टाच्या खिशातून गुलाबी कागद काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "सोमवारी मॅडमची स्कूटी येईल. तू सीटखाली ठेवायचं, आणि काहीतरी निमित्त काढून निघून जायचं. साहिलला एकटा सोडायचा."

हाताला आधी कळलं. कागद हलका होता.

"ही मॅडमच्या आईची..."

"आईची कसली! एक ग्रॅमवाली, बाजारपेठेतली. खरी ठेवायला आपण काय वेडे आहोत? तुझ्या वेळची होती ती त्या रितेशने नेली, ही नवीन आणली."

रितेश मधे महिनाभर राहून गेला होता. "रितेश तर आईची आठवण येते म्हणून गेला ना?"

"तसं सांगावं लागतं रे. पोराची बेअब्रू कशाला?"

चांगू हसला. त्याला वाटलं, ब्रदर त्याच्या साक्षीची नक्कल उतरवायला बघताहेत आणि त्यांना जमत नाहीये. मग त्याने अंबिकाताईकडे पाहिलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली होती.

"अहो," ती म्हणाली, "त्याला ठाऊक नव्हतं."

"असं कसं? इतका हुशार पोरगा! मॅडम नवा पोरगा आला की महिनाभर फिरकत नाहीत, हे दिसत नव्हतं का तुला?"

दिसत होतं. शाळेत पेपर तपासायचे असतील, असं तो धरून चालला होता.

"तुम्ही झोपला होता त्या दिवशी," चांगू म्हणाला.

"झोपतोय कसला! खिडकीत होतो. ही गुडघ्यांवर प्रार्थना करत होती. तू पळालास तेव्हा मी गाडी काढली, तुझ्या मागून. नाक्यावर तू तळ्याकडे वळलास ना, स्टँडकडे नाही, तिथे रस्त्यात गाडी थांबवून रडलो मी, चांगू. देवाशपथ." आणि त्यांचे डोळे खरंच भरले. "आम्हाला इतरही पोरं सांभाळायची आहेत. आत कोण आलंय हे कळायला नको का?"

चांगूने गुलाबी कागद उघडून पाहिला आणि घडी पुन्हा होती तशी घातली. दोन वर्षं तो सगळीकडे सांगत आला होता, कोणी बघत नव्हतं. आणि जो खिडकीतून बघत होता, तोच पुढच्या रांगेत बसून आमेन म्हणत होता.

"घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "उद्या."

"जा, जा. आईला नमस्कार सांग. आणि रविवारी वेळेवर ये हां, पनवेलचे पाहुणे येताहेत, तुझी साक्ष ऐकायला."

शनिवारी तो पोलादपूरला एसटी बदलून उमरठला उतरला आणि वर चढला. अख्ख्या वाटेत तो एकच वाक्य जुळवत होता: आये, ते सगळं खोटं व्हतं. ते ऐकून तुळसा पुन्हा दार लावील का, एवढीच त्याला भीती. ती गोठ्यात होती. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं: चेन खोटी, मॅडम ठरवून आलेल्या, ब्रदर खिडकीत.

तुळसाने म्हशीच्या पाठीवरून हात काढला नाही.

"मंग? बाई बोलली व्हती ना."

"काय बोलली व्हती?"

"तू पान्याला गेलतास तवा. मी तिला इचारलं, बाई, खरं सांगा, ह्यानं आपल्या मनानं दिली का कोनी दटावलं? तर बोलली, आई, आम्ही परीक्षा घेतली त्याची, पास झाला. म्हनून तर दार उघडलं. नायतर शाळंतली बाई चार शब्द गोड बोलली म्हनून मी चोराला घरात घेते का?"

"तुला ठावं व्हतं? दोन वरसं?"

"तुला काय सांगायचं त्यात? ही म्हस घेतली तवा दोन टायमाला पिळून बघितली. एक टाइम कोनी पन दूध देतंय."

"म्हंजी मी म्हस?"

"म्हस बरी. ती असं तोंड करून हुबी ऱ्हात नाय. बस, भाकरी टाकते."

भाकरी गरम होती आणि तो जेवला. आई नेहमीसारखीच बोलत होती. पुढल्या घरच्या कमळाबाईची सून, नळाचं पाणी, बापाचा फोन. दार सताड उघडं होतं. पण ते ज्या गोष्टीने उघडलं असं तो समजत होता, त्या गोष्टीने ते उघडलेलंच नव्हतं. मॅडमनी आईला खरं सांगितलं होतं. ब्रदरांना ठाऊक, अंबिकाताईला ठाऊक, आईला ठाऊक. त्याची ती एकट्याची दुपार गावभर वाटलेली होती आणि त्याला तेवढी द्यायची राहिली होती.

रविवारी सभा भरली. पनवेलचे पाहुणे पुढे, साहिल मागे भिंतीला टेकून. चांगू उठला. हवालदार आला, वकील आला, पाहुणे हसून लाल झाले. मग त्याने आवाज खाली आणला. स्कूटी आली, सीट उचलली, गुलाबी कागद.

"हात बोलला, घे. शिफ्टची बस निघून गेलेली. रस्त्यावर कुत्रं नाय." तो थांबला. मग मान पुढे काढून, खिडकीचा पडदा दोन बोटांनी बाजूला करावा तसा करून, मशीनच्या आवाजावर ओरडणाऱ्या माणसाची कुजबुज त्याने काढली: "अंबिका! ए अंबिका! उचलली बघ सीट! प्रार्थना चालू ठेव, बरोबर का नाही? मॅडमना फोन कर, रडायला तयार राहा म्हणावं. खोटी आहे, जाऊ दे गेली तर!"

सभा कोसळलीच. शरद ब्रदरांचा आवाज इतका हुबेहूब आला की पनवेलच्या एका काकांना ठसका लागला. त्यांना वाटलं, नवीन भर घातलीय. "व्वा! प्रेज द लॉर्ड! ब्रदर, तुमची पण सोडली नाही!"

"हसताय काय," चांगू स्वतःच्या आवाजात म्हणाला. "खरं हाय ते. चेन एक ग्रॅमवाली. मी इतके दिवस तुम्हाला सांगितलं, कोन बघत नव्हतं. तर ते खोटं निघालं. एवढीच साक्ष." आणि तो खाली बसला.

हसू एकदम नाही थांबलं; इकडून तिकडून विझत गेलं. आमेन कोणी म्हणालं नाही. मागून साहिल म्हणाला, "मतलब... उद्या माझी होती काय?" आणि त्याच्याकडे कोणीच पाहिलं नाही, तेव्हा त्याला उत्तर मिळालं.

पाहुणे गेल्यावर ब्रदर शेडमध्ये आले. चिडलेले नव्हते, चिडले असते तर सोपं गेलं असतं. चेहरा मार खाल्लेल्यासारखा होता.

"माझी नक्कल केलीस. माझ्याच घरात. मी तुला कुठून उचललं, चांगू?"

"जेलातून, ब्रदर. इसरलो नाय."

"मग असं सगळ्यांसमोर?"

"तोंडावर केली, ब्रदर. पडद्यामागून नाय केली."

ब्रदरांची ती सवयीची विचारणा ओठांपर्यंत आली, बरोबर का नाही, आणि तिथेच राहिली. अंबिकाताईने त्याच्या पिशवीत डबा भरून दिला. तिने थांब म्हटलं नाही, त्यानेही थांबू का विचारलं नाही. शेडच्या बाहेर साहिल नळी गुंडाळत होता.

"तू पन येतोस का?" चांगूने विचारलं.

"मैं? कशाला? मतलब भाई, बुरा मत मान, पण माझा पेपर तर आता फुटलाय ना. आणि जेवण बरं हाय इकडे."

पोलादपूरला महामार्गाच्या कडेला किशोरशेठचं गॅरेज आहे. चांगू तिथे लागला. जेलात होतो हे त्याने पहिल्या वाक्यातच सांगितलं. किशोरशेठ तंबाखू मळत म्हणाला, "बरं झालं बोललास. मंग रोज सुटताना खिसे दाखवायचे. माझ्यासमोर. राग येनार असंल तर आत्ताच जा." चांगूला राग आला नाही. गॅरेजातल्या बाकीच्या पोरांना वाटायचं, ह्याला लाज नाही. वाडीत तो महिन्याकाठी जाऊन येतो, आईला पैसे देतो, जेवतो, आणि उजेड असतानाच परत निघतो. साक्ष तो देत नाही. नकला करतो, पण गिऱ्हाइकांच्या.

दिवाळीच्या तोंडावर पांढरी स्कूटी गॅरेजपुढे थांबली. इरावती मॅडम उतरल्या. गाडीचं काही बिघडलेलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "ब्रेक जरा बघ रे." तो वाकून ब्रेक बघायला लागला.

"चांगू, ओवाळलं ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पहिला दिवस ठरवलेला होता, हे खरंय. पुढचं कोणी ठरवलं नव्हतं. मी तुला सांगणार होते, दर वेळी वाटायचं, आता नको. ह्या वर्षीही ये ना. वाट बघते." मग त्यांनी श्वास आत ओढला, छातीवर हात गेला, आणि चष्मा काढला.

चांगूने मान वर करून ऐकलं. कान लावून ऐकलं. जिचा आवाज त्याने गावोगाव काढून दाखवला होता, त्या बाईचं हे रडणं खरं की तेव्हाचंच, हे त्याला ओळखता आलं नाही. कानाने इतका दगा त्याला आजवर कधी दिला नव्हता.

"ब्रेक ठीक हायेत, मॅडम," तो म्हणाला. "केबल तेवढी घट्ट करतो. पन आधी डिकी मोकळी करा. सगळं बाहेर काढा, तुमच्या हातानं."

"अरे, काही नाहीये त्यात."

"तरी पन."

मॅडमनी सीट उचलली. एक छत्री काढली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला, रेनकोट काढला, सगळं उराशी धरून त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा वारा त्यांचा पदर उडवत होता. चांगूने केबल घट्ट केली, सीट खाली दाबली आणि चावी त्यांच्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवली.

"येशील ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

स्कूटी वळून महाडच्या रस्त्याला लागली. आत किशोरशेठ शटर ओढायच्या तयारीत होता. "चांग्या, खिसे!" त्याने हाक मारली. चांगू जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून, उलटे करून दाखवले.